यादीत पहिली

३ मार्च

मेडिकल कॉलेजने आता आमचा ताणही तपासायचं ठरवलंय! वीस प्रश्नांचा फॉर्म. झोप लागते का, रडू येतं का... मी मेली खरं खरं लिहून बसले. माझी रूम पार्टनर — वर्गात कायम पहिली — तिने दोन मिनिटांत सगळीकडे 'कधीच नाही' लिहिलं आणि परत पुस्तकात डोकं घातलं.

५ मार्च

नोटीस बोर्डावर यादी. माझा रोल नंबर सगळ्यात वर! जन्मात पहिल्यांदा! तिथूनच बाबांना फोन — "बाबा, पहिली आले!" ते पेढे आणायलाच निघाले.

मग मथळा वाचला. 'तणावग्रस्त विद्यार्थी — उतरत्या क्रमाने.'

पार्टनर शेवटची. तिला एकदा तरी शेवटची बघून जिवाला गार वाटलं. खोटं कशाला बोलू?

६ मार्च

बाबांनी अख्ख्या ऑफिसात सांगितलंय. मेले!

७ मार्च

डीनसरांनी पार्टनरला स्टेजवर बोलावलं. "ताण शून्य! हिच्याकडून शिका." आणि आम्हा पहिल्या दहांना रोज सकाळी आठला 'आनंदी राहा' वर्ग. सक्तीचा. नेमकी त्याच वेळी मानसोपचाराच्या वॉर्डात हजेरी घेतात. तसं म्हटलं, तर सर म्हणाले, "बघ, हाच तो तुझा ताण!"

१४ मार्च

पार्टनर तीन तास एकच पान उघडून बसलीये. "बरं नाही का गं?" म्हटलं, तर म्हणे, "छे! मस्त."

२१ मार्च

आनंदात हजेरी शंभर टक्के. वॉर्डात बासष्ट! पंचाहत्तर नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात. मानसोपचाराच्या मॅडमचे पाय धरायचेच काय ते बाकी होते. शेवटी पाघळल्या. "उद्या दहाच्या आत वॉर्डातल्या एका पेशंटची केस लिहून दे, हजेरी भरते. नंतर तोंड दाखवू नकोस."

पार्टनरला सांगायला धावत खोलीत आले तर ती नाही. लायब्ररीत असणार. दुसरीकडे कुठे जाणार ती!

२२ मार्च

केस मिळाली खाट नंबर चारची. माझी पार्टनर. काल लायब्ररीतून दोघांनी धरून आणली म्हणे, रडणं थांबतच नव्हतं.

मला वही उघडताना बघून उठून बसली. चादर सारखी केली. म्हणाली, "केस किती मार्कांची आहे गं?"

वही मिटली. शेजारी बसले. दहा वाजून गेले. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती, मी हलले नाही.