मोरीतली टरफलं

आप्पा, तुमच्या जठराचा तुकडा आज माझ्या टेबलावर आहे. मेणाच्या चौकोनी वडीत बसवलेला, मुगाच्या डाळीएवढा. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, तो मात्र शाहूपुरीतल्या आमच्या लॅबच्या कपाटात तसाच होता. मध्यंतरी मी तो पुण्याला नव्या तपासणीसाठी पाठवला. काल रिपोर्ट आला. गाठीच्या पेशींमध्ये अकराव्या आणि अठराव्या गुणसूत्राचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटले होते. असा बदल झालेली जठरातली लिम्फोमाची, म्हणजे एका जातीच्या कॅन्सरची, गाठ जंतूवरच्या औषधांना सहसा दाद देत नाही. वाचल्यापासून मला माझीच किळस येतेय.

तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की ही गाठ पोटातल्या एका जंतूच्या जिवावर वाढते आणि जंतू मारला की बहुतेक वेळा विरते. डॉक्टरांनी दोन आठवड्यांच्या कॅप्सूल दिल्या. तुमची स्लाइड मीच रंगवली होती, त्यामुळे घरात मी अर्धी डॉक्टर. तुम्ही ओकायचात, आई पातेलं विसळायची आणि मी ओढणी नाकाला लावून दारात उभी. दिवसभर परक्यांची थुंकी नि पू हाताळणाऱ्या मला तुमचा आंबट वास सोसायचा नाही.

एका सकाळी मोरीच्या जाळीवर काहीतरी लाल चिकटलेलं दिसतं. वाकून बघते तर कॅप्सूलची रिकामी टरफलं, बुळबुळीत, केसांत गुंतलेली. मला शिसारी येते. मी लॅबमधला चिमटा आणते, एकेक उचलून नमुन्याच्या बाटलीत भरते आणि सवयीनं वर तुमच्या नावाची चिठ्ठी लावते.

"गिळवंनात ग," तुम्ही म्हणालात. "फोडून ताकात घेतल्या."

मी विश्वास ठेवला नाही. दोन-तीन महिन्यांनी पोटात दुर्बीण घालून पाहिलं तर गाठ होती तेवढीच. मला वाटलं, झालं सिद्ध. त्या रविवारी आत्या आणि तिची माणसं जोतिबाहून परस्पर घरी आली होती, कपाळावर गुलाल तसाच. मी बाटली आणून त्यांच्या मधोमध, खोबऱ्याच्या प्रसादाशेजारी ठेवली. म्हटलं, "बघा तुमच्या भावाचं काम. औषध मोरीत ओततात."

आत्यानं पदर नाकाला लावला. "दादा, पोरगी एवढी राबतीया आन् तू असं करतूस व्हय?"

तुम्ही बाटलीकडं बघितलंत. "घेतल्यात की," एवढंच म्हणालात, तेही खाली बघून.

त्यानंतर डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या, आणि तुम्ही त्यातली प्रत्येक माझ्यासमोर अख्खी गिळायला लागलात. ठसका लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग तुम्ही तोंड उघडून जीभ वर करून दाखवायचात. पन्हाळ्याच्या कचेरीत तीस वर्षं मान ताठ ठेवून नोकरी केलेला माणूस. आणि मी खरंच वाकून आत बघायचे, श्वास रोखून. पुढं सलाईनमधली औषधं सुरू झाली, ती तुम्हाला झेपली नाहीत. शेवटच्या आठवड्यात नर्सनं नुसतं पाणी पाजलं तरी तुम्ही माझ्याकडं बघून तोंड उघडलंत.

तुम्ही ताक प्यालात की ओतून दिलंत, हे रिपोर्टात नाही. पण प्यालात तरी गाठ तशीच राहिली असती, हे आहे. म्हणजे माझ्याकडं पुरावा म्हणून काहीच नव्हतं. होती ती बाटली.

हे पत्र घडी करून वडीबरोबर कपाटात ठेवते. एक राहिलं, आप्पा. वडी पुण्याला पाठवताना मी मनातून म्हणत होते, बदल निघू नये. तो निघाला नसता तर मला अजूनही म्हणता आलं असतं, की खोटं तुम्हीच बोलत होता.