सळईवरची उत्तरं

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोबतचा गठ्ठा बघून घाबरू नकोस. एकोणीस देशांतल्या वृत्तपत्रांत बातमी कशी जगते आणि कशी मरते, याची आम्ही तुलना करतो आहोत. प्रश्न सगळीकडे तेच. तुझ्या सहकाऱ्यांसाठी बावीस प्रश्नावल्या आणि बावीस पाकिटं पाठवते आहे. ज्याने त्याने लिहावं, ज्याने त्याने चिकटवावं, नाव कुणी घालू नये. तू फक्त वाटायचं आणि गोळा करायचं. माझ्या लग्नपत्रिकेतून तू ‘आग्रहाचे’ हा शब्द कापला होतास, ते सासरी अजून ऐकवतात. तेव्हा लाल पेन खिशातच असू दे.

चौदावा प्रश्न महत्त्वाचा: गेल्या वर्षभरात एखादी खरी बातमी थांबवली गेली का, आणि कुणी?

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा राग आणि लोभ, दोन्ही जपून ठेव.

तुझी धाकटी

१ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

बावीस उत्तरं पाठवतो आहे. पाकिटांचा डिंक कुचकामी निघाला. निम्मी उघडीच आली, मग उरलेली मीच उघडली. अक्षरं वाचवत नव्हती, म्हणून सगळं टाईप केलं.

तुलना कसली करता? इथे येऊन बघ. संपादक मालकाचा फोन उभा राहून घेतो. जाहिरात खात्याचा माणूस ओल्या हातांनी पानांचे कच्चे छाप उचलतो आणि कुठली बातमी कुणाला बोचेल ते सांगतो. बेसिनमध्ये चहाचा गाळ, त्यावर सिगारेटची थोटकं. तीस वर्षं तिथे हात धुतो आहे. शिसारी येते. माझं टेबल तेवढं स्वच्छ. कार्यालयातली मुलं मला आजोबा म्हणतात.

तब्येतीची हेळसांड करू नकोस. पत्र धाडत जा, म्हणजे लोभ आहे असं समजेन.

दादा

१९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तरं वाचून आमच्या प्राध्यापकबाई हरखल्या. एकोणीस देशांत हे एकच कार्यालय, जिथे एकही बातमी थांबवली गेली नाही. या तुलनेचं पुस्तक निघणार आहे, त्यात त्यावर वेगळं प्रकरण करायचं म्हणतात.

मला ते पटेना. बावीस माणसं, आणि एकाच्याही उत्तरात विशेषण नाही. एकही वाक्य आठ शब्दांच्या पुढे जात नाही. दादा, ही बावीस माणसं म्हणजे एकटा तूच आहेस. दुसऱ्याच्या तोंडात हात घालून त्याची जीभ सरळ करायची, याला काय म्हणतात ते तुझं तूच लिही. मला किळस आली.

मूळ कागद हवेत. महिनाअखेर तक्ते छपाईला जातील. तोवर आले नाहीत तर तुमचं कार्यालय गाळावं लागेल. कारण विचारलं की माझा सख्खा भाऊ, असं सांगावं लागेल.

लोभाचं नंतर बघू.

धाकटी

२५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मूळ प्रत मी फेकत नाही. काम झालं की टेबलावरच्या सळईला टोचून ठेवायची, ही आमची रीत. म्हणून सोबतच्या प्रत्येक कागदाला मधोमध भोक आहे.

आधी फक्त शुद्धलेखन सुधारत होतो. मग आरोग्याच्या बातम्या करणाऱ्या मुलीचं उत्तर हाती आलं. दीड पान. कातडी कमावण्याच्या कारखान्याचं पाणी शाळेच्या टाकीत झिरपतं, अकरा मुलं आजारी पडली, तपासणीचा अहवाल तिच्याकडे होता आणि बातमी उपसंपादकाने काढून टाकली. उपसंपादक मी. त्या आठवड्यात कारखान्याची पानभर जाहिरात होती. मला कुणी काही सांगायचीही गरज पडली नव्हती. हे वाचताना लाल पेन हातातच होतं. एक वाक्य गेलं, मग सगळं.

अशी सात उत्तरं निघाली. आजोबा तोंडावर म्हणतात. पाठीमागे गाळणी. ओल्या हातांच्या माणसाबद्दल तुला लिहिलं, तेव्हा मी माझे हात बघितले नव्हते.

तेविसावी प्रश्नावली माझी, हाताने उतरवलेली. पाकीट चिकटवलं आहे.

लोभ मागत नाही.

दादा

३ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कागद वेळेत पोचले. प्राध्यापकबाई हिरमुसल्या. तुमचं कार्यालय आता उरलेल्या अठरा देशांसारखंच दिसतं. ते प्रकरण रद्द झालं.

तुझं पाकीट मी एकटीने उघडलं. चौदाव्या प्रश्नाला तू नऊ पानं जोडली आहेस. शेवटपर्यंत वाचली.

पण हे कागद माझ्या कपाटात राहणार. पुस्तक निघायला दोन वर्षं लागतील, आणि तेही आमच्यासारखेच चारजण वाचतील. शाळेतली मुलं अजून त्याच टाकीचं पाणी पितात का? ते तू लिहिलं नाहीस.

उत्तराची वाट बघते. लोभ त्यातच आला.

धाकटी

१२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पीत होती. बातमी काल लागली. पाचवं पान माझ्या ताब्यात होतं, ते संपादकाला न दाखवता छपाईला सोडलं. आमच्या वार्ताहर मुलीची प्रत जशीच्या तशी. विशेषणं चौदा, ‘हृदयद्रावक’ दोनदा. वाचताना शिसारी आली. हात लावला नाही. शेजारी कारखान्याची जाहिरात होती, तीही राहिली.

दुपारी टाकीला कुलूप लागलं. मुलीने फोनवर कळवलं. बोलण्याच्या ओघात मला गाळणीसाहेब म्हणाली आणि माफी मागू लागली. मी पुढे सांग म्हणालो.

आजपासून माझ्या टेबलाशी जाहिरात खात्याचा तो माणूस बसतो. सळई मी घरी आणली. तुझी वहिनी म्हणते, विजेची बिलं लावायला होईल.

लोभ ठेवायचा की नाही, ते तू लिही. मी त्यात काही सुधारणार नाही.

दादा