वरच्या शेतातले दोन शेजारी

मी, ऑरविल जॅक्सन पिट्स, वय सत्तावन्न, व्यवसाय साप्ताहिकाचा वार्ताहर, राहणार उत्तर जॉर्जिया, अमेरिका, बुद्धी शाबूत असताना (थोरली बहीण व्हर्नेल हिचे मत भिन्न आहे) आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता (दडपण तिचेच होते) माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवतो. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळेच भाचा डेल याला दिले होते.

कलम १. राहते घर डेल यास. छप्पर गळते हे त्याला ठाऊक आहे. दुरुस्ती त्यानेच केली होती.

कलम २. माझा टाइपरायटर साप्ताहिकाच्या कचेरीस. कोणाकडे कोण पाहुणे कुठून आले, हे त्यावर मी जन्मभर छापायला दिले. एकाच ठिकाणी विचारायचे टाळले. ते कलम ४ मध्ये.

कलम ३. बैठकीतले अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचे तैलचित्र व्हर्नेल हिला. लहानपणापासून तिचा त्यावर डोळा आहे. आमच्या मूळपुरुषाच्या पायात बूट नव्हते. या अध्यक्षांच्या काळात अनवाणी माणसाला मान मिळाला, आणि सरकारी सोडतीत चिठ्ठी निघून जमीनही मिळाली. म्हणून आमच्यात थोरल्या मुलाच्या नावात जॅक्सन असतो, आणि आठ जानेवारीला, त्यांच्या लढाईच्या विजयदिनी, चित्राखाली पंगत बसते. ती जमीन ज्यांची होती त्या मूळनिवासी चेरोकींना पुढे शिपायांनी हाकून पश्चिमेला, आताच्या ओक्लाहोमात, नेले, हा विषय पंगतीत निघत नाही. मीही दुसऱ्यांदा वाढून घेत आलो.

कलम ४. वरचे शेत. तिथे लाल गराच्या पीचची झाडे आहेत आणि आमची थडगी. दर मे महिन्यात सगळे जमून ती झाडतो, फुले वाहतो आणि तिथेच टेबले मांडून जेवतो. कडेला दोन बिननावाचे दगड आहेत. त्यांनाही फुले. आजी म्हणायची, "शेजारी आहेत ते. त्यांना वगळायचं नाही." शेजारी कुठले, हे वार्ताहराने विचारले नाही.

गेल्या मे महिन्यात ओक्लाहोमाहून नेल्डा हमिंगबर्ड नावाच्या चेरोकी बाई आल्या. त्या दगडांपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग व्हर्नेलकडून पीचच्या मुरांब्याच्या बरण्या घेतल्या. व्हर्नेलने उरलेले पैसे म्हणून वीस डॉलरची नोट पुढे केली.

"ही नको. दहाच्या दोन द्या."

"का हो, खोटी वाटते?"

"नोट खरी आहे. तिच्यावरचा माणूस आम्ही घरात घेत नाही."

व्हर्नेलने नोटेवरचा चेहरा पाहिला. बैठकीतलाच. तिने दहाच्या दोन शोधल्या.

बाईंनी मुरांबा चाखला. "हेच झाड आमच्या अंगणात आहे. हाकललं तेव्हा पणजीच्या आईनं इथल्या कोया खिशात घातल्या होत्या."

डेलने छाती फुगवली. "ही झाडं आमच्या मूळपुरुषानं लावलीत. आला त्याच उन्हाळ्यात टोपलीभर पीच खाल्ले त्यानं!"

"त्याच उन्हाळ्यात?" बाई म्हणाल्या. "हात फार गुणी हो त्यांचा."

ही बढाई मीही शाळेपासून मारत आलो. कोय लावल्यापासून पीचला फळ धरायला तीन वर्षे तरी लागतात, हा हिशेब त्या दिवशी पहिल्यांदा केला.

सबब, वरचे शेत माझ्या मृत्यूनंतर नेल्डा हमिंगबर्ड व त्यांच्या वारसांना विनाअट मिळावे. वकीलबाईंनी 'दान' लिहिले होते, ते खोडून मी 'परत' लिहवले. आमची थडगी तिथे ठेवायची की नाही, ते त्यांनी ठरवावे. ठेवली, तर आता शेजारी आम्ही.

डेल म्हणतो, "मामा, आपण काय चोरली का? सोडतीत निघाली." व्हर्नेल म्हणते, "कोर्टात खेचीन तुला." मी म्हटले, मी मेलेलो असेन. "मग तर सोपंच!"

जिवंतपणीच का देत नाही, असे वाचणारा विचारील. उत्तर लाजिरवाणे आहे. मेलेल्या माणसाला मे महिन्यात बहिणीसमोर जेवायला बसावे लागत नाही.

सहीपूर्वी हाताने वाढवलेला मजकूर: दोन साक्षीदार ठरले होते, आला एकच. व्हर्नेलने पेन उचलले. वकीलबाईंनी बजावले, "तुम्ही साक्ष घातलीत तर मृत्युपत्रातलं तुम्हाला काही मिळायचं नाही."

"ऐकू येतं मला," व्हर्नेल म्हणाली.

"अगं, तुझं चित्र जाईल."

"जाऊ दे. मला विचारशील तर, ऑरविल, तू मरायची वाट त्या बाईंनी का म्हणून बघायची?"

कलम ४ माझ्या संमतीने रद्द. वरचे शेत नेल्डाबाईंच्या नावे करण्याचा कागद आजच करायला घेतला आहे. त्यांना मे महिन्याचे आमंत्रण व्हर्नेल धाडणार आहे.

(सही) ऑरविल जॅक्सन पिट्स

साक्षीदार:
१. हॉलिस ग्रेडी, किराणा दुकानदार
२. व्हर्नेल पिट्स कॉगबर्न, बहीण

स्थळ: बैठकीची खोली, चित्राखाली
दिनांक: ८ जानेवारी २०१९