चांगल्या अक्षरातली यादी

सर, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. शेवटी भेटलो तेव्हा मी तुम्हाला खोटं सांगितलं, आणि तुम्ही ते खरं मानून गेलात. म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुमचा रविवारचा वर्ग अजून डोळ्यांसमोर आहे. चौथीच्या मुलांचे बाक, आणि त्यांत गुडघे दुमडून बसलेले आम्ही मोठे. एसटीचे कंडक्टर, चौकीतले हवालदार, अंगणवाडीच्या दोन बायका आणि मी. मला सातवीतून काढलेली. नवरा गेल्यावर ब्लाउज शिवता शिवता वाचनालयाची पुस्तकं वाचून काढली आणि त्या जोरावर मुक्त विद्यापीठाची पूर्वपरीक्षा देऊन पदवीला नाव घातलं. ‘आधुनिक जगातील संघर्ष’ हा आमचा पेपर. श्रेयांक म्हणजे काय ते मला कळेना, तर तुम्ही म्हणालात, “तुम्ही इतके तास बसलात त्याची पावती.” पहिल्या चाचणीत मी लिहिलं होतं की राजपुत्राचा खून झाला म्हणून पहिलं महायुद्ध झालं. तुम्ही माझी वही सगळ्यांसमोर धरलीत. “अहो बाई, खून रोज होतात. मागच्या आठवड्यात निफाडकडे एक झाला. झालं का युद्ध?” कंडक्टर इतके हसले की बाक करकरला. मला रडू आलं होतं. मग तुम्ही फळ्यावर दोनच शब्द लिहिलेत, ठिणगी आणि सरपण. “ठिणगी पेपरात छापून येते. सरपण कोणी रचलं, किती दिवस रचलं, ते लिहा. मार्क त्याचे आहेत.”

मी घरी मोठ्याने पाठ करायची. मागच्या पडवीत बसते आहे, पुस्तक मांडीवर, देवळालीच्या बाजूने तोफांच्या सरावाचा दबका आवाज येतो आहे. मधल्या बुटक्या भिंतीपलीकडे भाभी कपडे वाळत घालते आहे. तिच्या नवऱ्याचं समोरच गादी-उशांचं दुकान, त्यामुळे तिच्या केसांत कायम कापसाचा एखादा पुंजका अडकलेला असायचा. “क्या ताई, आज फिर जर्मनी हार गया क्या?”

“हारला बाई, दुसऱ्यांदा.”

“तो बोलो ना उसको, घर बैठ. सुबह सुबह हमारा दिमाग काय को खाता?”

ऐकून ऐकून तिला तहाची कलमं पाठ झाली होती. मी अडले की पलीकडून तीच पुढचं सांगायची. नवरा गेल्यानंतर माझ्या घराशी रोज बोलणारं ते एकच माणूस होतं.

जानेवारी असावा. त्या वर्षी टीव्हीवर अजून अमेरिकेतले ते दोन मनोरे पुन्हा पुन्हा पडताना दाखवत होते, आणि चौकातल्या फलकावर रोज काहीतरी नवीन लिहिलेलं असायचं. दुपारी दारात तो आला, ज्याला माझ्या नवऱ्याने टेम्पो चालवायला शिकवला होता तो. बरोबर दोन अनोळखी माणसं. त्यांनी चपला काढल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

“काकू, तुमचं अक्षर म्हणजे काय सांगू, छापल्यासारखं. गल्लीतली घरं लिहून द्या ना. घर नंबर, कर्त्याचं नाव, माणसं किती, धंदा काय.”

“कशाला रे?”

“असतं काहीतरी मंडळाचं. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला काय सांगायचं?”

दुसरा एवढंच म्हणाला, “शेवटचा रकाना मोकळा सोडा. तो आम्ही भरू.”

मी फुलस्केप कागद घेतला, पट्टीने रकाने आखले. एकतीस घरं. तुम्ही शिकवलं होतं की टिपण नेमकं हवं, म्हणून न विचारलेलंही लिहिलं. कोण दुकानातच झोपतं, कोणाच्या घराला मागून दार आहे. सहा नंबरला भाभीचं घर. अकरा नंबरला घड्याळं दुरुस्त करणारे चाचा, एकटेच. आमच्या गल्लीत मुसलमानांची तेवढीच दोन घरं.

फेब्रुवारी संपता संपता शेजारच्या राज्यातून दंगलीच्या बातम्या यायला लागल्या. त्याच रविवारी तुम्ही रवांडातल्या कत्तलीचं प्रकरण घेतलंत. “त्यांचं पहिलं हत्यार कोणतं?” तुम्ही विचारलंत. कंडक्टर म्हणाले, बंदूक. अंगणवाडीची म्हणाली, कोयता. तुम्ही मान हलवलीत. “कागद. कोण कुठे राहतो त्याच्या याद्या आधी झाल्या. कोयते नंतर आले.” माझं पेन थांबलं. वर्ग सुटल्यावर सगळे जाईपर्यंत मी बसून राहिले आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही थर्मासचं झाकण लावत होता, ते तसंच हातात राहिलं.

“शेवटच्या रकान्यात काय लिहिलंत?”

“काही नाही. मोकळा ठेवायला सांगितला होता.”

तुम्ही त्या लहानशा बाकावर बसलात. बराच वेळ धाप लागल्यासारखा श्वास घेत होता. मग म्हणालात, “अभ्यास राहू द्या आता. घरी जाऊन कागद परत मागा. नाही मिळाला तर त्या दोन घरांना सांगा. आणि यादी तुम्ही लिहिलीत हेही सांगा. नुसतं ‘जपून राहा’ म्हटलं तर कोणी जपत नाही. लिहिणारीने स्वतः सांगितलं तर माणूस ऐकतो.”

मी कागद मागायला गेले, हे खरं आहे. तो टेम्पो पुसत होता. “काकू, तो कागद गेला पुढं. झेरॉक्सपण झाल्या.” मग हसला. “तुम्ही कशाला घाबरता? तुम्हाला कोण हात लावतंय?” हवालदारांच्या कानावर तुम्ही घातलंत. ते म्हणाले, “कागद दिसल्याशिवाय मी काय लिहून घेऊ, सर?”

भिंतीशी भाभी उभी आहे. तिची अकरा वर्षांची मुलगी पायरीवर बसून पाढे म्हणते आहे. मी वाक्य जुळवून गेले होते. तोंडातून निघालं ते असं, “काही दिवस मालेगावला माहेरी जाऊन ये. सगळे जा.”

“क्यों? किसने बोला?”

“आमचे सर म्हणत होते. हवा बरी नाही.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता विचारेल. पण ती म्हणाली, “तुम बोल रहे तो जाते,” आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. जाण्याआधी तिने चाचांनाही सांगून पाहिलं. डोळ्याला भिंग लावून चाचा म्हणाले, “सर कोण? मी ओळखत नाही. सांगणाऱ्याला घेऊन ये, मग बघू.” तिने मला तसंच येऊन सांगितलं. “ताई, तुम चलो ना, तुम बोलो.” मी म्हटलं, एकीचा ब्लाउज शिवून द्यायचा आहे, संध्याकाळी जाते. गेले नाही. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्याही नाही.

बंदच्या दिवशी भर दुपारी माणसं आली. कोणी धावत नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं. रांगेतल्या सतरा दुकानांपैकी बरोबर तेच एक शटर उचकटलं. कापूस पेटला की आवाज होत नाही, सर. आधी नुसता पिवळा धूर येतो. तिथून ते अकरा नंबरकडे गेले, मागच्या दाराने. चाचा वाचले. दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले. त्यानंतर घड्याळाचा काटा चिमट्यात धरणं त्यांना जमलं नाही. पुतण्याने येऊन नेलं, ते कुठे गेले मी विचारलंही नाही.

तोवर तुम्हाला दवाखान्यात ठेवलं होतं. मी पेरू घेऊन आले. नाकाला नळी असताना तुम्ही पहिलं तेच विचारलंत. “सांगितलंत?”

“हो सर. दोन्ही घरी.”

“तुमचं नाव घेऊन?”

“हो.”

“मग ते गृहस्थ थांबले कसे?”

मी म्हणाले, “हट्टी होते, सर.”

तुम्ही डोळे मिटलेत आणि माझ्या हातावर थोपटलंत. “सोपं नव्हतं, बाई. बरं केलंत.” चाचांना मी हट्टी ठरवलं ते तुमच्यासमोर चांगलं दिसावं म्हणून. मे महिन्यात पेपर झाला. मूळ कारणांवर प्रश्न होता, मी पाच पानं लिहिली आणि पहिल्या वर्गात पास झाले. निकाल घेऊन यायचं होतं, त्याआधी पावसात तुम्ही गेलात.

तुमच्या घराचा पत्ता माझ्याकडे आहे. सूनबाई तिथेच राहतात. पण हे पाकीट त्यांनी उघडलं, तर ज्या विद्यार्थिनीचं कौतुक तुम्ही घरी केलं होतं ती कोण होती, हे त्यांना कळेल. म्हणून देणार नाही.

भाभी मालेगावचीच झाली. तिकडे नवरा दुसऱ्याच्या दुकानात गाद्या भरतो. दर ईदला फोन करते आणि म्हणते, “ताई, तुमने बोला इसलिए हम बचे.” मी ऐकून घेते. तिची मुलगी आता अठराची आहे, मुक्त विद्यापीठातच नाव घातलं आहे, तोच पेपर आहे. केंद्र नाशिकचं घेतलं, म्हणून शनिवारी माझ्याकडे मुक्कामाला येते आणि मी तिचा अभ्यास घेते. ठिणगी आणि सरपण मी तिला तुमच्याच शब्दांत शिकवलं. मागच्या रविवारी आम्ही रवांडावर आलो. तिने पेन्सिलने एक ओळ अधोरेखित केली आणि विचारलं, “काकी, पण या याद्या बसून लिहायचं कोण? शेजाऱ्यांपैकीच कुणी असणार ना?”

मी म्हणाले, “सरकारी कारकून असतील.” तिने ते वहीत लिहून घेतलं.