सहा हजार शब्द आणि एक सीडी

३ ऑगस्ट १९९८, सांगली
जतच्या मेंढपाळांच्या बोलीचा माझा शब्दकोश पुरा झाला. अकरा वर्षं, सहा हजार शब्द. आजच साताऱ्याहून बोलींचेच अभ्यासक प्रा. सुमंत यांचं कार्ड. 'कोश कुठवर आला?' यांना कुठवर कशाला हवंय? संशय घेणं माझ्या स्वभावात नाही. तरी कार्ड जपून ठेवलं.

६ ऑगस्ट
टायपिंग करणारा सिद्धू म्हणतो, सगळा कोश एका फ्लॉपीत मावेल. अपमान गिळला. त्याच्या दुकानात सीडी लिहायचं मशीन आलंय. एका सीडीत साडेचारशे फ्लॉप्या. हे कोशाला शोभेल.

९ ऑगस्ट
सीडीचे फायदे: बुरशी नाही, लोहचुंबकाची भीती नाही, एकदा लिहिलं की कोणाला फिरवता येत नाही. तोटे: चरे पडतात, चूक दुरुस्त होत नाही. तोटे सिद्धूने सांगितले. वर म्हणाला, दोन प्रती काढा, फ्लॉपीही राहू द्या. याला इतक्या प्रती कशाला?

१४ ऑगस्ट, दुपार
पहिली सीडी लिहिता लिहिता फुकट गेली. तीही खिशात घातली. दुसरी नीट झाली. लगेच कॉम्प्युटरमधला कोश माझ्यासमोर पुसायला लावला. फ्लॉपीही. सिद्धूने तीनदा विचारलं, नक्की ना? तीनदा विचारणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं.

१५ ऑगस्ट
घरात मूळ चिठ्ठ्यांची चार खोकी. रद्दीतून सुमंतांच्या हाती जायला किती वेळ? बायको उमा म्हणाली, असू द्यात, खायला मागतात का. हिला हे कोणी पढवलं, ते विचारलं नाही. चिठ्ठ्या बंबात घातल्या. पाणी छान तापलं.

१६ ऑगस्ट
सीडी कोणी बदलली तर? सगळ्या सारख्याच दिसतात. खालची चकचकीत बाजू नाजूक, म्हणून वरच्या बाजूला कर्कटकाने कोरलं. पूर्ण सही, तारीख, 'सर्व हक्क राखीव'. जागा उरली म्हणून पत्ताही. आता निर्धास्त.

२ सप्टेंबर
सीडी उघडत नाही. सिद्धूला सरळ म्हटलं, बदललीस. त्याने सीडी ट्यूबलाइटसमोर धरली. कोरलेल्या अक्षरांतून उजेड आरपार आला.
"सर, लिहिलेलं वरच्याच बाजूला असतं. तुम्ही तेच खरवडलंत."
सही स्पष्ट वाचता येत होती. कोश नाही.

५ सप्टेंबर
चोरीचा आधार वाटू लागलाय. सुमंतांना पत्र टाकलं, आपल्याकडे माझ्या कोशाची एखादी प्रत असल्यास कळवावे, राग नाही.

१२ सप्टेंबर
सुमंतांचं उत्तर. प्रत नाही. आपण कधी दाखवलाच नाहीत, नाहीतर आनंदाने प्रस्तावना लिहिली असती. पत्र दोनदा वाचलं. संशय घ्यायला कुठे जागा सापडली नाही.

२० सप्टेंबर, जत
सकाळच्या एसटीने आलो, नवी वही घेऊन. म्हातारा बिराप्पा मेंढवाड्याशी मेंढरं मोजत होता. मेंढराच्या रंगांचे चाळीस शब्द मला यानेच दिले होते. म्हटलं, पुन्हा सांगा. पाच-सहा सांगून तो थांबला.
"तुमच्यापाशी लिवलेलं हाय म्हणून आमी सोडून दिलं, मास्तर."
वहीत तारीख घातली. दुपारपर्यंत वहीत जवळजवळ तेवढीच होती.