मॉडेलमध्ये कोणी खाली बसत नाही

४ फेब्रुवारी

झालं! आई खुब्याच्या ऑपरेशनला तयार झाली. दोन वर्षं डॉक्टर, मी, आमचा अख्खा तात्यापारा मोहल्ला सांगून थकला—नाही म्हणजे नाही! आज मले म्हणे, "एकच सांग. विहारात खाली बसता येईन का? मी खुर्चीवर बसून वंदना नाही घेणार." मी लॅपटॉपच उघडला. नकली खुब्याचा गोळा, त्याची वाटी, मधे पातळ द्रवाचा थर—दाखवलं तिले, थर तुटत नाही, म्हणून गोळा घासत नाही. पीएचडीची चार वर्षं ह्याच थरात गेली माझी. "येईन, आई. बिनधास्त बस."

६ फेब्रुवारी

जेवताना खाली लक्ष गेलं. मी मांडी घालून बसली होती. माह्या मॉडेलमध्ये मांडी कुठे आहे?

७ फेब्रुवारी

नाहीच! लॅबमध्ये जाऊन पाहिलं. सांध्यावरच्या वजनाची जी फाइल सगळे वापरतात, तीच मी डोळे मिटून घेतली—बाहेरच्या देशातली, नुसती चालायची. त्यांचं ठीक आहे, ते खुर्चीवर जेवतात. पण मी? जन्मभर खाली बसून जेवणारी! लाखो पावलं चालवलं त्या सांध्याले, एकदा खाली बसवलं नाही. मूर्ख कुठली!

मग मॉडेलमध्ये तासभर बसून उठणं टाकलं. बसल्या बसल्या थर पिळून निघतो, अन् उठताना गोळा कोरडाच घासतो. तीनदा रन केलं. तेच.

माझे गाईड सौमित्र सर म्हणाले, "पहले थीसिस जमा करो, ये सब बाद में." थीसिस गेली खड्ड्यात! शुक्रवारी आईचं ऑपरेशन आहे.

९ फेब्रुवारी

सांगितलं तर आई ऑपरेशनच नाही करणार, खाटेवर पडून राहील. नाही सांगितलं तर खाली बसेल, अन् नवा खुबा झिजवेल. आज दोनदा तोंड उघडलं. दोनदा चहा मागितला.

१३ फेब्रुवारी

ऑपरेशन छान झालं. मी सांगितलं नाही. डरपोक आहे मी, दुसरं काही नाही.

२७ मार्च

डॉक्टरनं बजावलं—खाली बसू नका. हुश्श! वाटलं, सुटली मी. ऑटोत बसताच आई म्हणे, "त्याले काय समजते! माह्या पोरीनं कॉम्प्युटरवर पाहिलं." ऑटोवाला पण म्हणे, "हव, माताजी." मी पंडरी बाजारापर्यंत बाहेरच पाहत राहिली.

१२ एप्रिल

आई विहारात खाली बसली. अख्खी वंदना! उठली पण. बायका म्हणाल्या, "साधू! साधू!" शेजारच्या अंजनाबाईंचा खुबा पण गेलेला. त्यांनी माझा हातच धरला—"मी बी करून घेऊ का, बाई? मले बी बसता येईन ना?"

मी म्हटलं, "नाही. खाली नाही बसता येणार." आईसमोर.