समत्वास येता किती ते उरावे

नागपूर, १६ जानेवारी १९८०

तीर्थस्वरूप अनंतदादांच्या चरणी धाकट्या मधुकरचा दंडवत, आणि शामलावहिनींना तिळगूळ. (खरा तिळगूळ नव्हे, संक्रांतीचा हलवा. तो सुमती पाकिटात घालणार आहे, म्हणून पाकीट उघडेच ठेवतो.) वर्ध्यात थंडी कशी आहे? तुमचा गुडघा पायऱ्या चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? माझे म्हणाल तर भूक आहे, झोप आहे. चाळीस वर्षे शाळेत फळ्यावर मराठी कविता लिहिलेला हा हात आज ओळ सोडून धावतो आहे तो आनंदाने. दादा, काल मी रसायनशास्त्राच्या खोलीत भुजंगप्रयात वृत्तातला श्लोक म्हटला, आणि मला कोणी बाहेर काढले नाही! तुम्ही हसाल. ज्याची मॅट्रिकची प्रयोगवही तुम्ही लिहून दिलीत आणि ज्याने तिच्या मागच्या पानांवर पावसाच्या कविता उतरवल्या, तोच हा मधुकर. पण सगळे क्रमाने सांगतो.

माझी नात सुमती, म्हणजे आपल्या चंद्रभानची थोरली, यंदा बारावी शास्त्राला आहे हे तुम्हांला ठाऊकच आहे. पोरगी हुशार, पण रसायनात सहामाहीला नापास झाली. त्यावर चंद्रभानने इतवारीतले भांड्यांचे दुकान बंद करून घरी आल्याआल्या, बूटही न काढता, जाहीर केले की पास झाली तर बी.एस्सी., नाहीतर उमरेडचे स्थळ. (स्थळ चांगले आहे. मुलगा गुणी आहे. पण त्याने सुमतीच्या वहीतली एकही ओळ वाचलेली नाही, आणि सुमतीला पुढे शिकायचे आहे.) ती त्या दिवशी जेवली नाही. माझ्याने ते पाहवेना. मी म्हटले, आण ती उदाहरणे इकडे.

त्यांच्या मनोहरराव सरांनी सरावासाठी सायक्लोस्टाइल करून सत्तावीस उदाहरणे दिली होती. नऊ अभिक्रियेच्या वेगाची, नऊ समतोलाची, नऊ उष्णतेची. दादा, तुम्ही आयुष्यभर हे शिकवलेत आणि मला कधी सांगितले नाहीत की ते इतके सुंदर आहे! दहा अंश तापमान वाढले की वेग साधारण दुप्पट होतो म्हणे. मला लगेच आपल्या शाळेचा एप्रिल महिना आठवला, पत्र्याच्या खाली बसलेली मुले, आणि गुरुजींचा छडीचा हात जानेवारीच्या मानाने किती चपळ चालायचा तो. उष्णता आपण होऊन थंडाकडून गरमाकडे जात नाही, हे वाचून तर मी चष्मा काढून बराच वेळ खिडकीतून पाहत बसलो. गेलेले दिवस का परत येत नाहीत याचे कारण बारावीच्या पुस्तकात दिलेले आहे, आणि आम्ही कवितेत शोधत होतो. आणि तो समतोल! दोन बाण, एक जाणारा, एक येणारा. बाहेरून पाहावे तर सगळे निश्चल, आत मात्र सारखी ये-जा. आपल्या दोघांच्या पत्रांसारखे.

तर मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. माझी पद्धत एकच. जे समजायचे आहे ते आधी पाठ झाले पाहिजे, आणि पाठ व्हायचे तर चाल पाहिजे. इंग्रजी उदाहरणाचे मराठी केले आणि मराठीचे वृत्त. हायड्रोजन आणि आयोडीन दोन-दोन मोल घेतले, तर शेवटी प्रत्येकी किती उरतील, हे सोळावे उदाहरण माझे सगळ्यांत लाडके:

नळीमाजि दो मोल वायू भरावे
समत्वास येता किती ते उरावे
स्थिरांकास चौसष्ट मानून घ्यावे
निघे वर्गमूळातुनी ते लिहावे

गण पाडून पाहा, एक जागा ढळणार नाही. आणि स्तोत्राला जशी फलश्रुती असते तशी प्रत्येक उदाहरणाला मी उत्तराची फलश्रुती जोडली. या श्लोकाची फलश्रुती शून्य पूर्णांक चार. पोरींना ताकीद दिली की एक अक्षर इकडचे तिकडे झालेले चालणार नाही. (पोरींना म्हणतो, कारण चार दिवसांत सुमतीच्या पाच मैत्रिणी येऊ लागल्या होत्या.) रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर सहा कंठांतून सत्तावीस उदाहरणे. शेजारच्या रंभाबाई एक दिवस कुंपणाशी येऊन विचारू लागल्या, "काहून जी गुरुजी, पोरी शिकून राहिल्या का भजन करून राहिल्या?" मी म्हटले, दोन्ही. दुसऱ्या दिवसापासून त्या टाळ घेऊन बसू लागल्या.

मग झाली पूर्वपरीक्षा, आणि दादा, तुमच्या शास्त्रातल्या माणसांना काव्याची चाड नाही हे मला तेव्हा कळले. सरांनी सोळावे उदाहरणच घातले, पण चौसष्टाच्या जागी छत्तीस लिहिले! सहाही पोरींनी मनात चाल धरली, श्लोक म्हटला, फलश्रुतीपर्यंत आल्या आणि लिहिले शून्य पूर्णांक चार. सहा पोरी, सहा वेगवेगळे बाक, आणि चूक एकच. सरांनी याचा अर्थ कोणीही शहाणा माणूस लावील तोच लावला, की यांनी कॉपी केली. पालकांना घेऊन या, नाहीतर बोर्डाच्या परीक्षेला बसवायचे की नाही याचा विचार करावा लागेल, अशी चिठ्ठी आली. चंद्रभानने चिठ्ठी दोनदा वाचली. मला फक्त एवढे म्हणाला, "बाबूजी, नापास झाली असती तर चाललं असतं. पोरीले चोर बनवलं तुम्ही." दादा, चाळीस वर्षांत मला कोणी असे बोलले नव्हते, आणि ते खोटेही नव्हते. तीन दिवस ओसरीवर टाळ वाजला नाही. सुमती दार लावून बसायची, कागदांचा आवाज तेवढा यायचा.

काल सुमतीला घेऊन सायकलरिक्षाने रामदासपेठेत त्यांच्या कॉलेजात गेलो. मनोहरराव सर म्हणजे खडूसारखे बारीक आणि खडूसारखेच कोरडे. मी म्हटले, चोर मी आहे, आणि पुराव्यादाखल उभा राहून सोळावा श्लोक फलश्रुतीसकट म्हटला. प्रयोगशाळेतला शिपाई परीक्षानळ्या धुवायचा थांबला. सरांनी माझे नीट ऐकून घेतले आणि सुमतीकडे वळून म्हणाले, आता छत्तीस घे.

पोरीने डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत सुरुवात केली, आणि तिसऱ्या ओळीत चौसष्ट काढून तिथे छत्तीस ठेवला. बसला, दादा! "स्थिरांकास छत्तीस मानून घ्यावे." जसा काही तो तिथलाच. मी तर तिथेच वाहवा म्हणालो. मग तिने फळ्यावर चार ओळी मांडल्या आणि उत्तर लिहिले, शून्य पूर्णांक पाच. बरोबर! सर काही हसले नाहीत. त्यांनी विचारले, "आणि एकोणपन्नास असते तर?"

मी बोटांवर अक्षरे मोजली. एकोणपन्नास त्या ओळीत काही केल्या बसत नाही. सुमती म्हणाली, "सर, ते वृत्तात बसत नाही, पण उत्तर येतं," आणि काढले. शून्य पूर्णांक चव्वेचाळीस. हे तिने गाऊन काढले नव्हते. सरांनी माझ्या हातातली ती चिठ्ठी घेऊन फाडली, आणि बाकीच्या पाचजणींना असेच एकेक उदाहरण करून दाखवायला पाठवा म्हणाले. घरी आल्यावर सुमतीने चंद्रभानला सगळे सांगितले. आज सकाळी दुकानात जाताना सोळाव्याची चाल त्याच्या नाकातून येत होती, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुमचा,
मधुकर

ता. क. मनोहरराव सरांनी मला येत्या रविवारी सगळ्या वर्गापुढे बोलावले आहे. श्लोक म्हणायचा आणि मग फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवायचे.

ता. क. दुसरा. दादा, आता खरे लिहितो. वर्गमूळातून ते निघते असे मी लिहिले खरे, पण ते कसे निघते हे मला अजून ठाऊक नाही. कागदावर 'स्क्वेअर रूट' होते, त्याचे 'वर्गमूळ' वृत्तात बसले, म्हणून घेतले. फलश्रुती मी कागदाच्या तळाशी छापलेल्या उत्तरांतून उचलली होती. तुम्ही प्रयोगवही लिहून दिलीत तशी ही एवढी एकच रीत पायरीपायरीने लिहून पाठवा, रविवारच्या आत. आणि कृपा करून सुमतीला कळू देऊ नका. जगात तिचा एकटीचाच माझ्या रसायनावर विश्वास आहे.

ता. क. तिसरा. अनंतआजोबा, मी सुमती. पाकिटात हलवा घालताना वाचले, माफ करा. तुम्ही तसदी घेऊ नका. आज संध्याकाळपासून आबाजींना मी शिकवते आहे, त्यांना वाटते आहे की ते माझा अभ्यास घेत आहेत. पाठ लवकर व्हावे म्हणून चाल लावली आहे. रंभाबाई टाळ घेऊन आल्या आहेत.